पश्चिमेचा दरवाजा

"अहो, पण तिथे डोंगर नाहीये," मी म्हणाले.

हे अंगणात उकिडवे बसले होते, हात कोपरापर्यंत चिखलात. समोर विटांचे तुकडे, त्यावर जुनी पोती, पोत्यांवर मातीचा लेप, आणि हे सगळं मिळून आमच्या तुळशीवृंदावनाच्याही वर गेलेलं. चांगल्या सोंडा काढल्या होत्या, घळी होत्या, वर जायला नागमोडी वाटसुद्धा होती.

"माहीत आहे," हे म्हणाले. "सपाट शहर आहे ते. चौकोनी. पाट मांडल्यासारखं."

"मग हे काय आहे?"

यांनी डोंगराकडे नीट पाहिलं. शेजाऱ्याने येऊन करून ठेवला असावा तसं.

"हात ऐकत नाहीत गं," ते म्हणाले. "मातीला बसलो की डोंगरच होतो."

भोरमध्ये राहणाऱ्या माणसाचा यात काही दोष नाही. आमच्याकडे दिवाळी आली की दारोदारी मातीचे किल्ले होतात. पोरं करतात, आणि यांच्यासारखी मोठी व्हायची राहून गेलेली माणसंही करतात. किल्ला म्हटला की डोंगर आला, कारण मान वर केली की डोंगरावर किल्ला दिसतोच. हे मोजणी खात्यात होते. तालुक्यातल्या निम्म्या बांधांवरून यांची साखळी फिरलेली. लोक यांना खुटवड मोजणीदार म्हणत, आणि दिवाळीच्या पंधरवड्यात नुसतं किल्लेवाले खुटवड. राजगड, तोरणा, रोहिडा सगळं करून झालं होतं. त्या वर्षी यांनी चीनमधलं शीआन नावाचं शहर करायला घेतलं, आणि सवयीने आधी त्याला एक डोंगर दिला.

मग आम्ही दोघांनी मिळून तो डोंगर मोडला. मी पदर खोचून पायांनी तुडवला. याला आता अकरा वर्षं झाली, पण त्या ओल्या मातीचा गारवा अजून तळपायांना आठवतो.

शीआन कुठून आलं, तर आमची मुक्ता तिथे होती. तिच्या पुण्याच्या कंपनीने तिला वर्षभरासाठी पाठवलेलं. डिसेंबरात परत यायची होती. मी आहे तोवर या, मी आहे तोवर या, असं ती पहिल्या महिन्यापासून म्हणत होती. आम्ही "बघू" म्हणत होतो. शेवटी तिने न विचारता तिकिटंच काढली. व्हिसाचंही पुण्यातल्या एका एजंटाकडून करून घेतलं. तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं.

मी तोवर विमान बघितलं होतं ते खालून.

मला जायचं होतं. फार जायचं होतं. मी दहावीनंतर शाळा पाहिली नाही, पण नगर वाचनालयातली प्रवासाची कपाटं मी दोनदा संपवली होती. कुठल्या देशात पाव कसा भाजतात हे मला माहीत होतं आणि महाबळेश्वरचा पाऊस मला माहीत नव्हता, अशी माझी तऱ्हा.

यांनीही तिकिटांना हरकत घेतली नाही. उलट यांना एक कारण सापडलं. एका दुपारी चहा पिताना म्हणाले, "आपण शाळेत शिकलो ना, तो चिनी भिक्षू? पायी चालत आलेला. आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला."

"हो. आपल्याबद्दल बरं लिहून गेला म्हणतात."

"तो परत गेला तो ह्याच शहरात. शीआनला." यांनी कप खाली ठेवला. "कुणी आपल्या घरी येऊन गेलं, तर आपण एकदा जाऊन येतो की नाही? साडेतेराशे वर्षं होऊन गेली, मंदा. आपल्याकडून परतभेटीला कुणी गेलं नाही. काय म्हणत असतील ते लोक."

शेजारच्या शिवथरे काकी तेव्हा चटणी द्यायला आल्या होत्या. त्यांना हे एकदम पटलं. "बरोबर आहे भावजींचं. आणि मोकळ्या हातानं जाऊ नका. थांबा." त्या घरी गेल्या आणि हिरवा खण घेऊन आल्या. "हा त्यांच्या घरच्या बाईला."

"कुणाच्या?"

"त्या भिक्षूच्या."

"काकी, भिक्षूला बाई कुठली?"

काकींनी खण माझ्या हातात कोंबला. "मग आईला द्या. आई तर असेल का नाही?"

मी खण ठेवून घेतला. साडेतेराशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी आईची ओटी भरायची जबाबदारी माझ्यावर आली, त्याचं मला ओझं वाटलं नाही. बरंच वाटलं.

मुक्ताचा फोन रोज संध्याकाळी यायचा. तिच्याकडे तेव्हा अंधार पडलेला असायचा, आमच्याकडे ऊन उतरत असायचं. हे फोन हातात घेऊन तिला विचारायचे, खंदक भिंतीपासून किती लांब? घंटेचा मनोरा बरोबर मध्यावर का जरा सरकलेला? नगाऱ्याचा मनोरा त्याच्या कुठल्या अंगाला? पहिले दोन दिवस तिने हौसेने सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "फोन आईकडे द्या."

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात आले.

"आई, बाबा किल्ला करतायत?"

"हो."

"शीआनचा?"

"हो गं. इतका सुंदर होतोय, तुला..."

 ती मध्येच म्हणाली, "मग झालं. आई, तू एकटी ये."

मी तिला असं बोलू नये म्हणाले. पण ती काय म्हणतेय ते मला कळलं होतं. खरं तर डोंगर तुडवत होते तेव्हाच कळलं होतं, फक्त पाय थंड लागत होते म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

लग्न झालं त्या वर्षी आम्ही उदयपूरला जाणार होतो. त्या दिवाळीला यांनी तळ्यातला राजवाडा केला. परातीत पाणी, मध्ये राजवाडा, कागदाच्या होड्या. पाडव्याच्या संध्याकाळी मला समोर पाटावर बसवलं, पणत्या लावल्या आणि बोलत बोलत आतून सगळा राजवाडा फिरवून आणला. कुठल्या जिन्यावर अंधार आहे, कुठल्या सज्जातून पाणी दिसतं, कुठे दगड तापलाय म्हणून चप्पल काढायची नाही. मी एकोणीस वर्षांची होते. मला वाटलं, मी मेले तरी चालेल. पाडव्यानंतर उदयपूरचं नाव निघालं नाही. मी पौषात विचारलं, तेव्हा हे मनापासून गोंधळले. "पण बघितलं ना आपण?"

नंतर कन्याकुमारी झाली, तीन रंगांच्या वाळूसकट. मुक्ता नागपूरला शिकत होती, तेव्हा पदवीदानाला जायचं ठरल्यावर यांनी तिचं कॉलेज केलं. वसतिगृहावरच्या पाण्याच्या टाकीला शिडीसुद्धा लावली होती. समारंभाला मी माझ्या भावाबरोबर गेले. मुक्ताने स्टेजवरून उतरल्यावर माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, आणि फोटोला उभी राहिली.

कुणी म्हणेल, बाईला फसवलं. मला तसं म्हणता येत नाही. त्या त्या पाडव्याच्या संध्याकाळी मी खरोखर हिंडून यायचे. यांनी नेलं तिथे मी गेले नाही असं मी अजूनही शपथेवर सांगू शकणार नाही. पण मुक्ता तिथे नसायची. आणि तिथली कुठलीच बाई माझ्याकडे वळून बघायची नाही.

किल्ला होत गेला. चौकोनी तट उठला, शाडूची माती लिंपून गुळगुळीत केलेला. खंदकात निळा कागद घातला. झाडांसाठी तटाच्या आत-बाहेर अळीव पेरले, ते दुसऱ्या दिवशी फुगले आणि चौथ्या दिवशी हिरवे झाले. दरवाजे चार, चारी दिशांना. ते यांनी वेगळे बनवून सावलीत वाळवले, शाडूत कापूस आणि ओढ्याची बारीक वाळू घालून, म्हणजे तडा जात नाही. वर दुहेरी कौलांचं छप्पर, आगपेटीच्या काड्यांच्या खिडक्या. घंटेच्या मनोऱ्यासाठी आमच्या देव्हाऱ्यातली घंटा गेली. देवांनी ती दिवाळी टाळ्यांवर काढली.

दक्षिणेचा दरवाजा बसला त्या दिवशी संध्याकाळी यांनी हाक मारली, "मंदा, जरा बस. नुसतं आत शिरून येऊ. पुढचं पाडव्याला."

मी पाटावर बसले. ऊन गेलेलं, दिवे लागायचे होते. शेजारी कुणाकडे तरी चकल्या तळत होते.

"पूल ओलांडायचा," हे म्हणाले. यांचा आवाज अशा वेळी निराळा व्हायचा, झोपेतल्या मुलाला उचलून नेताना माणूस पावलं टाकतो तसा. "खाली पाणी संथ आहे. बाकावर एक म्हातारा बसलाय, त्याच्याकडे पिंजरा आहे, पिंजऱ्यात पक्षी. आपल्याकडे बघतोय. बघू दे. आता दरवाजा. लांब आहे गं बोगदा, विटांचा, आत आवाज घुमतो. बोलू नकोस. आता उजेड. हा मोठा रस्ता सरळ गेलाय. दोन्ही बाजूंना झाडं, पंख्यासारखी पानं, पिवळीधमक. ती खाली पडतायत. तुझ्या केसांत एक आहे."

मी केसांना हात लावला.

"राहू दे. आता घंटा ऐक."

यांनी करंगळीने घंटेला स्पर्श केला. ती वाजली म्हणावं इतकीही वाजली नाही.  मी डोळे मिटूनच होते, आणि त्या रस्त्याने चालत होते, गार हवा होती, कुणीतरी रताळी भाजत होतं. कितीतरी वेळ चालत होते.

डोळे उघडले तर अंगण. काकींच्या दारात पणती. माझं अंग हलकं झालेलं, गावाला जाऊन आल्यावर होतं तसं. पायही दुखत असल्यासारखे वाटले. आणि मग मी घाबरले. कारण त्या क्षणी कुणी मला विचारलं असतं की विमानात बसायचं का, तर मी म्हणाले असते, कशाला आता.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. हे बाजारात गेले होते. तीन दरवाजे तटात बसले होते, पश्चिमेचा तेवढा ओट्यावर सुपाखाली वाळत होता. मी तो उचलला. तळहातात मावत होता. आतल्या खोलीत तांदळाचा डबा होता, तिकडे हे जन्मात फिरकले नव्हते. दरवाजा आंबेमोहरात खोल पुरून ठेवला, वर तांदूळ सारखे केले आणि करंज्यांचं सारण हलवायला बसले.

हे आले. सूप उचललं. परत ठेवलं. परत उचललं.

"पश्चिमेचा दरवाजा कुठे गेला?"

"मला काय माहीत. मांजर आलं होतं मघाशी."

"मांजर दरवाजा कशाला नेईल?"

"मांजराचं काय सांगता येतं होय?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सारणाकडे पाहिलं. सारण अगदी चांगलं झालं होतं.

"बघू," हे म्हणाले. "दुसरा करू."

यांना दरवाजा करायला एक दुपार पुरायची. मी रोज धास्तीत. पण त्या दिवशी हवा दमट होती. दुसऱ्या दिवशी शाडू संपला होता. मग मुक्ताने पाठवलेला फोटो तिरपा निघाला, आणि तिरप्या फोटोवरून यांना काही करता येईना. पाडव्याला मी संध्याकाळी मुद्दाम ओवाळणीचं ताट मोठं मांडलं आणि वेळ काढला. यांनीही पाटाचं नाव काढलं नाही. पश्चिमेच्या तटात खिंडार तसंच राहिलं.

त्यात महाराजांचा प्रश्न निघाला.

"भावजी," काकी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "महाराज कुठं बसवलेत?"

आमच्याकडे किल्ला कुठलाही असो, वरच्या जागी महाराज बसतात. खाली मावळे, भालदार, एखादी दळणारी बाई, एखादा वाघ. महाराजांशिवाय किल्ला कुणी बघितलेला नाही.

"काकी, ते चीनचं शहर आहे," हे म्हणाले. "तिथं त्यांचा राजा. आपण आपले महाराज नेऊन दुसऱ्याच्या गादीवर कसे बसवायचे? ते महाराजांनाच आवडणार नाही."

"म्हणून काय महाराजांना माळ्यावर ठेवणार? दिवाळीत?"

 गल्ली तिथे जमली. कुणी म्हणालं मनोऱ्यावर ठेवा, कुणी म्हणालं तटावर. शेवटी काकींनीच तोड काढली. "पाहुणे म्हणून येतील की! परतभेटीला. आपला मुलूख चीनच्या कुठल्या अंगाला?"

"तो भिक्षू पश्चिमेच्या वाटेनं गेला-आला."

"मग महाराजही पश्चिमेनं येतील."

तेव्हा घोड्यावरचे महाराज आले. मागे चार मावळे, एक निशाण. त्यांना खंदकाच्या पलीकडे, पश्चिमेच्या पुलाशी उभं केलं. सगळ्यांना बरं वाटलं. मग काकींचं लक्ष समोर गेलं.

"अहो, पण दारच नाही की. आत जायचं कुठनं?"

त्यानंतर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तेच. "खुटवड, महाराज दारात उभे!" दूधवाला रोज सकाळी सायकलवरून विचारायचा, "आत घेतलं का महाराजांना?" मंडळाच्या स्पर्धेचे परीक्षक येवले सर आले, चष्मा वर-खाली करून बघून गेले. "भुईकोट आहे, ठीक आहे. काम बारीक आहे, ठीक आहे. पण अपुरा किल्ला मी कसा धरू? आणि महाराजांना ताटकळत ठेवलंत तुम्ही." पहिला नंबर गेला. यांचा नंबर कधी गेला नव्हता.

"एक दरवाजा," येवले सर जाताना म्हणाले. "एका दरवाज्यापायी घालवलात."

"हो ना," हे म्हणाले. एवढंच.

मला वाईट वाटलं. रात्रीचा भात कालवताना यांच्या तोंडाकडे बघवेना. मी भाकरीवाली, भात आमच्याकडे यांच्यापुरताच शिजायचा. हे जेवत होते. घास चावता चावता मध्येच थांबायचे, मग पुन्हा चावायचे. मला वाटलं, नंबराचं दुःख आहे.

तुळशीच्या लग्नाची संध्याकाळ आली. ऊस उभे केले, अंतरपाट धरला, काकींनी मंगलाष्टकं आपल्या चालीत म्हटली. गल्लीतले बाकीचे किल्ले मोडायला सुरुवात झाली होती. मावळे धुऊन खोक्यात जात होते. आमच्या ओसरीवर दोन बॅगा भरून उभ्या होत्या, मेतकूट, करंज्या, मुक्ताची गोडा मसाल्याची बरणी. पहाटे गाडी येणार होती.

सगळे गेल्यावर हे पायरीवर बसले. मी पाणी घेऊन आले.

"मंदा."

"हं."

"मी नाही आलो तर चालेल?"

या प्रश्नाची मी उदयपूरपासून तयारी केली होती. मी तांब्या पायरीवर ठेवला.

"का पण?"

"इथं मला माहीत असतं," हे किल्ल्याकडे बघत म्हणाले. "कुठे वळायचं, वळल्यावर काय दिसेल. आयुष्यात मी नकाशा बघितल्याशिवाय कुणाच्या शेतात पाय टाकला नाही."

"नकाशा तर तुम्ही स्वतः केलाय. समोर आहे."

"तेच म्हणतोय. हे शहर माझं झालंय. तिथे गेलो आणि ते असं नसलं, तर मग हेही जाईल."

यांनी एवढं आतलं कधी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं मी समजत होते, माणूस आळशी आहे.

"जाईल कसं?" मी म्हणाले. "दोन होतील."

 मी यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"मी जाणार आहे. तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी. विमानतळावर मुक्ता येईल, ती मला सगळं दाखवेल. पण ती भराभरा चालते हो. आणि मला तुम्ही सांगितल्याशिवाय बघायची सवय नाही राहिली. म्हाताऱ्याचा पिंजरा मला तिथे कोण दाखवणार?"

"म्हातारा मी मनाने घातला होता."

"असेल. मला तो बघायचाय."

हे हसले, मग हसू गेलं. "मुक्ता काय म्हणाली?"

मी लपवणार होते. पण लपवालपवी तांदळात एक होती तेवढी पुरे होती. "मला एकटीला ये म्हणाली."

"एकटीला?"

"तिचं कॉलेज तुम्ही टाकीसकट केलंत. तिला ते अजून आठवतं."

यांनी मान खाली घातली. अंगणात अळीव आता वीतभर वाढून वाकले होते, शहर त्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. पुलाशी महाराज उभे होते.  हे येतो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

पहाटे मी तांदळाच्या डब्यात हात घातला. दरवाजा सापडला, एक कोपरा झडलेला. का घेतला ते मलाही सांगता येत नाही. घरात ठेवून गेले असते तर तो कुणीतरी बसवून टाकला असता असं वाटलं. काकींच्या खणात गुंडाळून पर्सच्या तळाशी ठेवला.

गाडीचा हॉर्न वाजला. मी कुलूप घेऊन बाहेर आले. हे अंगणात होते. तांब्यातलं पाणी ओंजळीने अळिवांवर शिंपडत होते. अंगात कोट होता, लग्नातला. पायांत नवे कॅनव्हासचे बूट, मोजणीला घालायचे तसले. काकी स्वेटरवर शाल घेऊन दारात उभ्या.

"रोज एवढंसं पाणी घाला, काकी," हे सांगत होते. "मोडू नका. पुरा व्हायचाय अजून."

मी कुलूप लावलं.  एखादं पाखरू खिडकीत बसावं आणि आपण श्वाससुद्धा जपून घ्यावा, तशी मी मुंबईपर्यंत गाडीत बसले होते.

शीआनच्या विमानतळावर मुक्ता काचेच्या पलीकडे उभी होती. तिने मला बघितलं आणि सवयीने माझ्या मागे बघितलं. मग ती तशीच बघत राहिली.

"बाबा, आलात?"

"तिकीट काढलं होतंस ना," हे म्हणाले.

ते शहर कसं होतं ते मला नीट सांगता येणार नाही. मला ते आठवतं तेव्हा त्यात थोडं अंगण मिसळतं. तट आमच्या ओसरीपेक्षा बुटका होता आणि त्याच वेळी मान मोडेल इतका उंच होता. पिवळी पानं होती. रताळी भाजत होते. घंटेचा मनोरा गाड्यांच्या वेढ्यात उभा होता आणि संध्याकाळी दिव्यांनी असा उजळायचा की देव्हाराच वाटावा. हे पहिले दोन दिवस गप्पच होते. रस्ता ओलांडताना मुक्ता यांचा हात धरायची, आणि हे धरू द्यायचे. दक्षिणेच्या दरवाज्याशी फक्त म्हणाले, "मोठं आहे गं. मी फार कमी केलं होतं." पण आवाजात नुकसान झाल्यासारखं काही नव्हतं. खंदकाकाठी एका बाकावर एक म्हातारा होता. पिंजरा नव्हता, रेडिओ होता. यांनी मला कोपराने ढोसलं. म्हाताऱ्याने आमच्याकडे बघितलं, माझी साडी बघितली, आणि हात वर केला. मीही केला.

तिसऱ्या दिवशी मुक्ता म्हणाली, आज पश्चिमेचा दरवाजा, आतून जवळ पडेल.

"आतून नको," हे म्हणाले. "बाहेरून येऊ."

म्हणून आम्ही बसने वळसा घालून पलीकडे उतरलो. ऊन उतरत होतं, आमच्या पाठीवर होतं. समोर पूल, आणि पुढे तो दरवाजा, वर दुहेरी कौलांचं छप्पर, खिडक्याच खिडक्या. मी पुलाच्या अलीकडेच थांबले. आता नाही तर कधी, असं वाटलं. पर्स उघडली, खणाची गाठ सोडली. दरवाजा प्रवासात निम्मा झाला होता. कमान होती, छप्पर होतं, बाकी खणात माती.

"आई, हे काय?" मुक्ता म्हणाली.

"मांजर," मी म्हणाले, आणि यांच्याकडे बघायची हिंमत होईना.

यांनी कमान दोन बोटांत धरून उजेडात फिरवली.

"पंधरा दिवस भातात कचकच खाल्लीय मी," हे म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला..."

"पहिल्याच घासाला. माझ्या हातची माती, आपल्या ओढ्याची वाळू. मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत? येवले सरांनी नंबर घालवला, गल्ली हसली."

"बोललो असतो तर बसवावा लागला असता," हे म्हणाले.

मुक्ता एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं नसावं, पण काहीतरी कळलं, कारण तिने यांच्या दंडात हात अडकवला. यांनी खण माझ्या हातातून घेतला. त्यातली माती पुलाच्या कठड्याशी, एका पिवळ्या झाडाच्या बुंध्यात हलकेच झाडली, कमानही तिथेच ठेवली. खण घडी करून मला परत दिला. "हा त्या आईचा," म्हणाले.

मग आम्ही पूल ओलांडला. दरवाज्याशी आलो, आतला विटांचा बोगदा दिसायला लागला, आणि हे एकदम बाजूला झाले. भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मला मनगटाला धरून आपल्या शेजारी घेतलं, मुक्तालाही.

"काय झालं?" मुक्ता म्हणाली. "बाबा, चला ना."

"थांब जरा," हे म्हणाले. "दिवाळीपासून ताटकळलेत. त्यांना आधी जाऊ दे."

आम्ही तिघं वाट सोडून उभे राहिलो. मागून गार वारा आला, पुलावरची पानं सरसरत आमच्या पुढून आत गेली. यांनी मान किंचित लववली.

मग आम्ही मागोमाग आत गेलो.